आमच्या गावात बॉम्ब वाजला नाही

तलवाडा,
भाऊबीज

प्रिय महादेवी,

फोनवर बोलायचं तर गुरुपाददादा तुझ्या शेजारी बसून ऐकत असतो, म्हणून हे पत्र. इकडं पाऊस यंदाही रुसला. टँकर आला की हंड्यांवरून भांडणं, आणि गावातली सगळी गुरं चारा छावणीत. तुझ्या भाऊजींच्या दुकानात माणसं येतात, पण चहापत्तीची पुडी घेऊन परत जातात. छावणीतल्या माझ्या गायी अजून आटल्या नाहीत, ते दूध सोसायटीला घालते, म्हणून घर चाललंय.

तू मागं विचारलं होतंस, "अक्का, डोळ्याला नेमकं काय झालतं? घरात कुणी धड सांगत नाही." मी सांगते. गेल्या दिवाळीत दूध सोसायटीची निवडणूक जिंकून तात्याबा चेअरमन झाला. गावाला प्यायला पाणी नव्हतं, पण त्याच्या मिरवणुकीला फटाके टेम्पो भरून आले. मी दारात पणत्या लावत होते. कुणीतरी पत्र्याच्या डब्याखाली सुतळी बॉम्ब ठेवला. धडाड्‌ आवाज झाला आणि पत्र्याचा तुकडा माझ्या उजव्या डोळ्यात घुसला. सासूबाई तूप घेऊन धावल्या. शेजारीण म्हणाली, "चोळ गं जरा, निघून जाईल." शाळेत असताना डोळ्यांच्या शिबिरात ऐकलेलं तेवढं डोक्यात पक्कं होतं. मी ओरडले, "हात लावू नका! काही घालू नका!" तुझ्या भाऊजींनी डोळ्यावर दाब न येईल असा कागदी पेला धरला, वरून चिकटपट्टी लावली आणि जीप करून तडक बीडला नेलं. चोळला असता तर डोळाच काढावा लागला असता, असं डॉक्टर म्हणाले. डोळा राहिला. दिसतं म्हणशील तर उजेड आणि सावली, बस.

घरी आले तर तात्याबानं माणसाबरोबर काळा चष्मा आणि निरोप धाडलेला. "वैनी, हा लावत जा, लोकायला बरं दिसत न्हाई." मी तो त्या माणसाच्याच हातात परत दिला. म्हटलं, "तात्याबाला सांग, मला झाकायचं काय बी न्हाई." हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मी बिनबोलावता जात राहिले. तोंडावर हाकलायची हिंमत कुणाला झाली नाही.

यंदा धनत्रयोदशीला, चेअरमन होऊन वर्ष झालं म्हणून, तात्याबानं पुन्हा मिरवणूक जाहीर केली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी छावणीत गेले. छबुबाई, केशरबाई, सगळ्या धारा काढत होत्या. मी कडब्याच्या गंजीकडं बोट दाखवलं. "एक बाण हितं पडला तर गुरं कुठं पळतील? दाव्याला बांधलेली हायती." सगळ्यांनी गंजीकडं एकदा बघितलं आणि पुन्हा धारा सुरू केल्या. पण संध्याकाळी टेम्पो वेशीत आला तेव्हा सगळ्या रिकाम्या किटल्या घेऊन रस्त्यात उभ्या होत्या.

तात्याबा खाली उतरला. "सणासुदीचं काय लावलंय हे? फटाक्याबिगर दिवाळी व्हती का?"

मी अगदी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. "बघ माझ्या डोळ्यात. खाली कावून बघतो? आज एक बॉम्ब वाजला, तर उद्या सोसायटीत माझं दूध येणार न्हाई."

"तुझ्या दोन गायीनं काय सोसायटी बुडती?" तो हसला.

"माझं बी न्हाई," छबुबाई म्हणाली. मग केशरबाई. मग एकेक करत सगळ्याच. शेवटी मागून त्याची सख्खी आई, साखराबाई, काठी टेकत पुढं आली. "माझं बी न्हाई, तात्या. घाल तुझ्या दुधाच्या मशिनीत पाणी."

महादेवी, तो टेम्पो आल्या वाटेनं माघारी गेला गं! पोरांची दिवाळी मात्र आम्ही बुडू दिली नाही. शाळेच्या मोकळ्या मैदानात फुलबाज्या, भुईनळे लावले. भुईनळा मोठ्या माणसानंच लावायचा, वाकून नाही, हात लांब करून. पोरं दूर उभी. कुणाच्या अंगावर नायलॉन नाही, डोळ्यांवर पारदर्शक जाड प्लास्टिकचे चष्मे. विझलेल्या फुलबाज्या टाकायला पाणी कुठलं, वाळूची घमेली ठेवली. या दिवाळीत आमच्या गावातून डोळा धरून कुणी दवाखान्यात गेलं नाही.

आज सकाळी ताट तयार करून दादाची वाट बघत होते. तो आला नाही, त्याचा फोन आला. म्हणाला, "तुळशीच्या लग्नानंतर महादेवीचं लग्न, पण तू हळदीला, अक्षतांना पुढं होऊ नको. मुलाकडच्यांना असा डोळा चालत नाही, आतल्या खोलीत बस. वरातीत फटाके वाजणार आहेत, तिथंही तोंड उघडू नको." आई गेल्यापासून तुझ्या वेण्या मी घातल्या, महादेवी. तुला पहिली हळद मीच लावणार. आणि होणाऱ्या नवऱ्याला तू स्वतः सांग, की वरातीत बॉम्ब नकोत. तुझी जीभ अडली तर मांडवाच्या दारात मी सांगेन. दादानं मला विचारलं नाही, सांगितलं. मीही तुला विचारत नाही. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं माहेरी, घाटनांदूरला उतरते आहे.

तुझीच,
शिवकांता अक्का