गीझरला की गीझरचं?

रविवार, मे अखेर. संध्याकाळ.

उद्या बावधनला लेकाकडे जायचं, ते दिवाळीलाच परत. हे गेल्यापासून पावसाळ्यात मी मुळशीत एकटीनं राहायचं नाही, असा त्याचा हुकूम. सगळं आवरलं आणि गीझरपाशी येऊन अडकले.

मघाशी फोनवर तो म्हणाला, "आई, गीझरला पाणी सोडून ठेव." की "गीझरचं" म्हणाला? आवाज तुटत होता. "ला" असेल तर भरून ठेवायचा, "चं" असेल तर रिकामा करायचा. एवढा शिकलेला मुलगा, सरळ "भर" नाहीतर "रिकामा कर" म्हणायला काय होतं? आता फोनही लागत नाही.

शेजारच्या हौसाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? आमच्यात बंब हाय. पर कुटं जायचं असलं तर मी त्यो कोरडा करून ठिवते." मग मीही बटण बंद केलं, मेन कॉक फिरवला आणि गीझरचं खालचं बूच काढलं. लालसर पाणी आलं. बरोबर केलं का? कोण जाणे.

इतक्यात कुंपणापलीकडून हौसाबाई ओरडल्या, "वयनी, घरावर पाणी सोडलं का?"

घरावर पाणी? मी?

"अवो, घरावरलं! टाकीतलं!"

"नाही," म्हटलं. "नाही सोडलं."

गीझर रिकामा झाला, तो होऊ दे. टाकी मात्र भरलेलीच ठेवतेय. लेक चिडेल, डास होतील म्हणेल. म्हणू दे.