टुनीच्या वजनाचा गूळ

२९ नोव्हेंबर, रविवार

आजपासून घरात चहा बंद. कारण लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

वरच्या खोलीतले भाडेकरू डॉ. बागची. बोंडअळीचे शास्त्रज्ञ, बंगालहून पिंपळगाव राजाला येऊन तीन वर्षं झाली. दिवसा शेतोशेत सापळे लावून त्यात अडकलेले पतंग मोजतात, रविवारी बंगालीत कादंबरी लिहितात. तिकडच्या मासिकात महिन्याला एक हप्ता. लिहून झालं की खाली येऊन आमच्या सौ.ला सांगतात. मराठी तिच्याकडूनच शिकले, त्यामुळे वऱ्हाडी बोलतात. पुण्याच्या साहेबांना फोन लावला की पलीकडून हसू ऐकू येतं. सौ. सूप घेऊन निवडत बसते. मी पेपराआडून ऐकतो, ऐकत नसल्यासारखा.

आज टुनीला ताप भरला. टुनी म्हणजे कादंबरीतली पोर. वय अकरा, नदीकाठचं गाव, दुसऱ्यांचे आंबे चोरणं हा धंदा. आठ महिने आमच्या घरात तिचंच राज्य.

"उतरंन ना ताप?" सौ.

बागचींनी कप खाली ठेवला. सौ. उठून देवापाशी गेली आणि परत येऊन जाहीर केलं, "पोरगी बरी होईस्तोवर चहा सोडला. अन् बरी झाली का तिच्या वजनाचा गूय वाटीन."

म्हटलं, "अवं, पोरगी कागदावरची हाय."

"मंग? देव तरी कुठी पाह्यला तुमी?"

१ डिसें.

नवस सौ.चा, उपास माझा. "तुमाले कोनं नाही म्हटलं? करून घ्या," म्हणते. एक्केचाळीस वर्षांत चहापत्तीचा डबा कुठला ते पाहून ठेवलं नाही, ते आता भोवलं. स्टँडवर गेलो. हॉटेलवाल्या गणपतला बातमी आधीच पोचलेली. "दादा, कशी हाय पोरीची तब्येत?"

"ताप हायेच," असं मी म्हटलं! रस्ताभर स्वतःवर चिडलो.

३ डिसें.

सौ.चं डोकं धरलंय. दिवसाला सात कप घेणारी बाई. वरणात मीठ दोनदा. बोलायची सोय नाही.

आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिची धाकटी बहीण काविळीनं गेली, तेव्हा ती अशीच वागत होती. तेव्हा नवस करायलाही वेळ मिळाला नव्हता. मला आज तिची फार दया आली. तिला सांगितलं असतं तर सूप फेकून मारलं असतं.

५ डिसें.

बागचींना शेतात गाठलं. सापळ्यावर वाकले होते.

"साहेब, टुनीचं काय करून राह्यले?"

"मरनार, दादा. हप्ता वीस तारखेले पाठवाचा हाय."

"वाचवा ना. तुमच्याच हातात हाय."

त्यांनी सापळा माझ्यापुढे धरला. "ह्याच्यात सतरा पतंग हायेत. मी सोळा लिहू काय?"

म्हटलं, नका लिहू.

"मंग तसंच हाय थे. मी नाही मारून राह्यलो तिले. थे मरून राह्यली."

माणूस सरळ आहे. सरळ माणसाशी भांडता येत नाही, म्हणून डोक्याला ताप.

६ डिसें, रविवार

आज सौ.नं विकेट काढली. पोह्यांची बशी पुढे ठेवून, "बागचीभाऊ, टुनीचं वजन किती?"

बागचींचा घास थांबला.

"गूय आनून ठेवा लागते. देवाले अंदाजपंचे नाही चालत."

"वहिनी, वजन... लिहिलं नाही कुठी."

"बोंड तोलता तवा ग्रॅमच्या पुढचे टिंबबी लिहिता. अन् घरच्या लेकराचं वजन माहीत नाही?"

पोहे तसेच टाकून वर गेले. इतका पडलेला चेहरा अळीनं अख्खं शेत खाल्लं तेव्हाही नव्हता.

७ डिसें.

सकाळीच खाली आले, अकरा वर्षांच्या मुलींची सरासरी घेऊन. सौ.नं उडवून लावली. "थे लोकायच्या पोरीची. आपली टुनी झाडावर राह्यते, थे काटकच असंन." बागचींनी जुने हप्ते काढले. तिसऱ्या हप्त्यात टुनी बसलेली फांदी मोडली होती. फांदी किती जाड, यावर तासभर वाद. मी पेपर ठेवून सामील झालो, हे लिहितानाही लाज वाटते. मी सत्तावीस म्हटलं. तीस वर्षं जिनिंगमध्ये कापसाची पारख केली, हाताला अंदाज आहे. शेवटी अठ्ठावीसवर जमलं.

मग बागची हळू म्हणाले, "तापात जेवली नाही थे. आता चोवीसच असंन."

माझ्याकडे वळले. "दादा, शेवटच्या पानात बाप तिले उचलून मसनघाटावर नेते. मी एका ओयीत लिहून टाकलं होतं." चष्मा पुसत उठले.

१२ डिसें.

खामगावहून गूळ आणला, पूर्ण अठ्ठावीस किलो. सौ. म्हणाली, वजन बरं झाल्यावरचंच धरायचं. एसटीत कंडक्टर म्हणाला, लग्न काय काका? म्हटलं, नाही, घरात आजारी माणूस आहे. त्यानं ढेपा स्वतः उतरवून दिल्या.

२० डिसें., रविवार

बागची खाली आले. जिन्यावरूनच म्हणाले, "वहिनी, ताप उतरला. टुनीनं पेज मागतली."

सौ.नं हात जोडले. चहा टाकला, आलं घालून. पहिला घोट घेतला तेव्हा तिचे डोळे भरले, माझेही. मग ढेपा फोडल्या आणि गल्लीभर गूळ वाटला. गणपत हॉटेल टाकून आला.

पण वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस चिमटीत कळतो मला. बागची ओले वाटले. हप्ता कालच रवाना झाला होता.

११ जाने.

पोस्टानं मासिक आलं. पाकीट फाटकं. बागची शेतात. पुतणीनं फोनवर दाखवलं होतं, अक्षरांवर धरला की कुठल्याही भाषेचं मराठी होतं. मासिक उघडलं, फोन धरला, तोच सौ. आली.

"नका पाहू."

"काऊन?"

"तवा सांगतानी भाऊनं माह्याकडं पाह्यलं नाही. मले कयलं."

"मंग चहा काऊन पेल्ली?"

"त्यानं जन्मात पयल्यांदा मोजमाप चुकवलं असंन, माह्यापायी. अन् मी कप बाजूले सरकवू?"

फोन खिशात घातला.

संध्याकाळी बागची आले. पाकीट पाहिलं, फाटलेली बाजू पाहिली, खालीच बसले. सौ.नं विचारलं, "पुढच्या हप्त्यात टुनी हाय का?"

"तुमी सांगा, वहिनी."

सौ.नं सूप बाजूला सारलं. "मी सांगते. तुमी लिहा."

तेव्हापासून चालू आहे. सौ.नं टुनीला आगगाडीत बसवलं, डब्यात आंबे चोरायला लावले आणि आत्ताच आमच्या जवळच्या जलंब स्टेशनवर उतरवलं. एकटीच आहे, हातात बोचकं. घ्यायला कोण जाणार, इथं दोघांचं अडलंय. दोघंही माझ्याकडे बघतायत.