पारोळ्यापर्यंत सावकाश

अक्का,

घेवरचंद शेटच्या रेसच्या गाडीचं इंजिन काल जोडून झालं. नवे पिस्टन घातले की गाडी आधी हळूहळूच फिरवावी लागते. शेट म्हणाले, "कुठंही ने, पण दामटू नको." मी पारोळ्याला नेतोय, तुझ्या सासरी. झुंबरला घेऊन येतो. झोपेत तू "मनी पोर, मनी पोर" करत लेकीला हाका मारत होतीस, मग मला घरात बसवेना.

दाजी काहीही बोलले तरी पोरीसमोर हात उचलणार नाही, तुझी शपथ.

पाठीला हळद लाव. दूध तापवून ठेव. उशीर झाला तर घाबरू नकोस. जाताना इंजिनासाठी सावकाश जाईन, येताना झुंबर शेजारी झोपलेली असेल म्हणून.

कौतिक