दंडारीतला रोगी

कुंताबाई,

तुह्या धाकट्या भावाचा रामराम.

आमची दंडारीची नाटकमंडळी मूल गावाकडं फिरून राह्यली. बचत गटाच्या बायाच एड्सची माहिती द्याले बोलावतेत. इथल्या तलावाची मासोळी लय गोड, पण ते असू दे. नाटकात मी एड्सचा रोगी बनतो. काल एक म्हातारी म्हणे, "जेव लेका, नाटकातला रोग थोडीच लागते!" सारे हासले. जेवल्यानं खरा रोगही लागत नाई, हे मीच सांगत फिरतो.

बाई, मी रगत तपासून घेतलं. मले खरंच एड्सची लागण आहे. भाग्यश्रीसंगचं माहं ठरलेलं लग्न मोड.

पण तुले वाचता येत नाई, अन् गावाची पत्रं भाग्यश्रीच वाचून दाखवते. तुह्या मागच्या पत्रात "लवकर ये" तिनंच लिवलं. खाली आपल्या मनानं जोडलं, "मीबी वाट पाहून राह्यली."

तुहा,
डोमा