चालू मशीनच्या पोटात

६ नोव्हेंबर २०२५

पान पूर्ण! कर्नेलच्या — संगणकाच्या गाभ्यातल्या प्रणालीच्या — ट्रेसिंग सेटिंगचं. मशीन चालू असतानाच तिच्या पोटात काय घडतंय ते नोंदवून घ्यायचं — बंद करायची गरजच नाही. या सेटिंग कोडमध्ये आहेत, पण माणसाला कळेल अशा कुठेच लिहिलेल्या नाहीत. आता आहेत. मी लिहिल्या — मोहाडीत बसून!

आई म्हणाली, "दिवसभर काय लिहून राहिली वं?" सांगितलं. "मंग हे पयले कोनी लिवलं काहून नाही?"

आळस. दुसरं काय!

८ नोव्हेंबर

हेन्रिकचा मेल. कर्नेलचा हा भाग तो सांभाळतो, त्याच्या होकाराशिवाय काहीच आत जात नाही. एकच ओळ — तुझ्याशिवाय हे वाचून कुणी करून पाहिलंय का?

खोचक माणूस. पण प्रश्न बरोबर आहे.

९ नोव्हेंबर

अमरला पान पाठवलं. धाकटा भाऊ. गावाबाहेरच्या राईस मिलमध्ये तांदळातला काळा दाणा वेगळा करणारी मशीन तोच चालवतो; तिच्या आतल्या संगणकातही हेच कर्नेल. मध्येच थांबते म्हणे, कारण कोणालाच सापडत नाही. "ताई, मले जमन का?" — वाचता येते ना? मग जमन!

११ नोव्हेंबर

जमलं नाही.

दुपारी फोन. "ताई, मशीन अडकली! काही दाबलं तरी आयकून नाही राहिली. सेठ चिल्लावून राहिला." तशीच स्कूटी काढली. धानाचा हंगाम, बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि आत सगळं ठप्प. मिलवाले बाबुलाल सेठ अमरवर तुटून पडलेले — "कोनाले विचारून हात लावला? उद्यापासून येऊ नोको!"

"माह्या सांगण्यावरून लावला," मी म्हटलं. "चूक माह्या पानात आहे. त्याले कायले बोलता?"

स्क्रीन पाहिली आणि काय झालं ते कळलं. मी लिहिलं होतं — नोंदी सरळ स्क्रीनवर पाहायच्या तर ही सेटिंग एक करा, नको तेव्हा शून्य. अमरने नोंदवायला नेमकी सेकंदाला हजारदा घडणारी घटना निवडली. मशीन ती छापण्यातच गुंतली, शून्य करायलाही सवड देईना! माझ्या लॅपटॉपवर मी क्वचित घडणाऱ्या घटनाच निवडल्या होत्या. मग अडकणार कशी?

बंद करून पुन्हा सुरू केली. सेठ म्हणाले, निघा आता. मी नाही निघाले. या वेळी फक्त कॅमेऱ्याची घटना निवडली. थोड्याच वेळात दिसलं — कॅमेऱ्याचा सिग्नल मध्येच तुटतो. मागची केबल सैल! अमरने घट्ट बसवली. मशीन सुरू झाली ती थांबलीच नाही.

सेठांनी मूठभर तांदूळ उचलून निरखला. मग अमरला — "उद्या जरा लवकर येजो."

१२ नोव्हेंबर

पानात धोक्याची ओळ घातली. मिलमध्ये काय झालं तेही हेन्रिकला जसंच्या तसं कळवलं. लपवायचं काय त्यात? पान आधीपेक्षा चांगलं झालंय.

१३ नोव्हेंबर

आई — "आला का वं त्याचा निरोप?" नाही.

१५ नोव्हेंबर

आला! "ही सेटिंग मीच लिहिली होती. ती अख्खी मशीन अडकवू शकते हे कधी माझ्या ध्यानात आलं नाही. धोक्याची ओळ पुरेशी नाही, कोडच बदलायला हवा. तू लिहिशील?"

हो म्हणून कळवलं. तो बदल परवाच लिहून ठेवलाय, हे मात्र नाही सांगितलं!