कीथला तूच सांग

बरका, ओमान

प्रिय रोशेल,

फोनवर ‘सगळं मस्त आहे, मम्मी’ यापलीकडे तू काही बोलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. इथे उकाडा सुरू झालाय. पप्पांचं हार्डवेअरचं दुकान चालतंय कसंबसं.

नर्स म्हणून आयर्लंडला गेलेली तू तिथली कौन्सिलर, म्हणजे नगरसेविका झालीस, तेव्हा पप्पांनी दुकानात येईल त्याला हलवा वाटला होता. शेजारच्या जैनुद्दीनभाईंनी विचारलं, मुलगी कुणावर गेली? तर पप्पा म्हणाले, तिचे आजोबा वसईत सरपंच, मी नगरसेवक, आणखी कुणावर जाणार! पुढच्या निवडणुकीत स्वतः पडल्यावर गावात तोंड दाखवणं नको झालं आणि म्हणून आपण इकडे आलो, हे काही त्यांनी सांगितलं नाही. आपल्या घरात हरलेलं कुणी बोलतच नाही.

मग तूही पडलीस. पप्पा दिवसभर मोबाइलवर मतमोजणी बघत होते. मोजणीच्या एका फेरीत तुझं नाव बाद झालं तेव्हा त्यांनी शटर ओढलं आणि आत बसून राहिले. तू मात्र हसत म्हणालीस, थोडक्यात गेलं गं, लोक फार चांगले आहेत इथले.

मला ते खरं वाटलं. पण नाताळात व्हिडिओ कॉलवर तुझी लेक बोलून गेली. तिच्या खोलीची काच दोनदा फोडली, दारावर कुणी ‘आपल्या देशात परत जा’ असं रंगवून ठेवलं आणि तू रडत रडत ते घासत होतीस. तू झटकन तिच्या हातून फोन काढून घेतलास. मीही काही विचारलं नाही.

तुझ्या भावाला यातलं काहीच ठाऊक नाही. कीथने इथल्या सोहार शहरातल्या कंपनीत राजीनामा दिलाय. पप्पांच्या जुन्या वॉर्डातून उभा राहतोय. रोशेल परक्या देशात निवडून येते, मग मी माझ्या गावात का नाही, म्हणतो. मी अडवायला गेले तर म्हणाला, खलास, मम्मी, ठरलंय. पप्पा तर आनंदाने वेडे झालेत.

तो ऐकलं तर तुझंच ऐकेल, म्हणून हे पत्र. ती काच, तो रंग, तुझं रडणं, सगळं सांग त्याला. तुझ्या तोंडून ऐकेल तो. पण तू सांगणार नाहीस. काल पप्पा कौतुकाने सांगत होते, त्याच्या प्रचारासाठी तू रजा टाकलीस, तिकीटसुद्धा काढलंस. तरी पत्र टाकतेय.

तुझीच,
मम्मी