हातच्याची वजाबाकी आणि आमचे व्याही

३ नोव्हेंबर, सकाळ.
नात वजाबाकीत नापास. बाईंनी सुनेला सांगितलं की प्रत्येक मूल वेगळ्या तऱ्हेने शिकतं. कोणी बघून, कोणी ऐकून, कोणी हाताने करून. आमच्या वेळी सगळे एकाच तऱ्हेने शिकत. छडीने. मी सातवी झालो तो तसाच. (सहावी. सातवीत बसलो होतो.)
संकल्प : नातीचं गणित मीच घेणार.

संध्याकाळ.
सुनेने तिच्या वडिलांना आधीच फोन केला. व्याही बँकेतून रिटायर, घरीसुद्धा इस्त्रीचा शर्ट. सून म्हणाली, परीक्षेपर्यंत दोघं आलटून पालटून घ्या. ज्यांचं जमेल त्यांच्याकडे कायम. तेव्हापासून छातीत धडधडतंय. बीपी असणार.

५ नोव्हेंबर.
नात ऐकून शिकणारी आहे, असं मी ठरवलं. मोठ्याने पाढे म्हटले. नात झोपली. आवाज गोड लागला असेल. शेजारीण विचारून गेली, कोणाला बरं नाही का.

८ नोव्हेंबर.
व्याह्यांनी रंगीत बटणं आणली. दहा-दहाच्या माळा. हातचा हवा, की माळ तोडायची. पोरगी खिदळत होती. दाराआडून पाहिलं. नुसता पोरखेळ!

९ नोव्हेंबर.
दुकानात रंगीत बटणं मिळाली नाहीत. माझ्या कोटाची कापली. चारच निघाली. चारात कसली वजाबाकी? कोट आता बंद होत नाही. सर्दी झाली. व्याह्यांमुळे.

१४ नोव्हेंबर.
नात आपणहून माझ्याकडे आली! बावन्नातून सतरा गेले किती, म्हणाली. मी म्हणालो, पंचेचाळीस. आबा, हातचा विसरलात, म्हणाली, आणि माळ तोडून दाखवली. सुनेला सांगितलं, मी मुद्दाम चुकलो. माझी पद्धत आहे.

१८ नोव्हेंबर.
रोज येते. रोज मुद्दाम चुकतो. आज बरोबर सांगायचं ठरवलं होतं. तरी मुद्दाम चुकलो.

२४ नोव्हेंबर, दुपार.
पैकीच्या पैकी! कॉलर ताठ करून बसलो होतो, तेवढ्यात सून म्हणाली की युक्ती तिच्या बाबांची, म्हणजे व्याह्यांची. पोरगी दुसऱ्याला शिकवून शिकते हे त्यांनी हेरलं आणि तिला सांगितलं, रोज आबांना शिकव.
जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.

संध्याकाळ.
व्याही हसत म्हणाले, आता मी होतो विद्यार्थी. नात म्हणाली, नको, तुम्ही खोटं खोटं चुकता. आबा खरंच चुकतात.
व्याह्यांचं तोंड एवढंसं झालं. जिंकलो!
उद्यापासून भागाकार. आधी थोडा शिकून ठेवावा म्हटलं. मग वाटलं, नको. यायला लागला तर?